होडीचा रंग

सिनेमात ती होडी येते एकाहत्तराव्या मिनिटाला
आणि सव्वा मिनिटात निवतीच्या खडकाआड जाते.
किनाऱ्यावर नायिका रडते.
तिच्याकडे मी कधी नीट पाहिलेलंच नाही.

पहिली कॅसेट कुडाळहून आणलेली, भाड्याची,
इतक्या घरांतून फिरून आलेली
की समुद्राला ताप चढल्यासारखा वाटायचा.
आणि होडी? शेवाळ. राख.
मध्येच एक पांढरी रेघ तिच्या पोटातून वर सरकत जायची.
आई पाहुण्यांना सांगायची, ही ह्यांनी रंगवलेली.
पाहुणे मान हलवायचे,
कोणत्या रंगात, ते कुणी विचारायचं नाही.

मग सीडी आल्या, एका सिनेमाला दोन.
होडी दुसरीच्या सुरुवातीलाच, निळी,
म्हणजे निळ्या चौकोनांची;
लाट आली की चौकोन एकमेकांवर उसळायचे
रापणीत पेडवे उसळतात तसे.

डीव्हीडीवर कुणीतरी सगळं आभाळच हळदीत बुडवलेलं.
वाळू केशरी, नायिकेचे गाल केशरी,
होडी पिकत आलेल्या केळ्यासारखी.

आणि यंदाची ही ब्लू-रे.
वेष्टनावर लिहिलंय, मूळ निगेटिव्हवरून, फ्रेम न् फ्रेम साफ करून.
साफ आहे खरंच.
दोरखंडाचा पीळ दिसतो,
खडकावरचे कालव मोजता येतात.
होडी मोरपिशी.
मोरपिशी! निवतीत! त्या काळी!
जिथे होडीला लावायला मिळायचं ते काजूच्या टरफलाचं तेल,
काळं, हाताची सालं काढणारं.

चारही प्रतींत मी तीच लाट थांबवली,
वल्हं अर्धं पाण्यात,
चार चित्रं टीव्हीवर शेजारी शेजारी लावली
आणि बाबांना हाक मारली.

बाबा म्हणजे सगुण मेतर, वय ब्याऐंशी.
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू सावंतवाडीला काढला मागच्या महिन्यात,
डावा दिवाळीनंतर काढायचाय.
खुर्ची पुढे ओढून बसले.
उजवा डोळा तळव्याने झाकला.
"सगळे पिवळे."
डावा झाकला.
"आता सगळे निळे."
असं तीनदा केलं, लहान मुलासारखं,
मी वही-पेन्सिल घेऊन तसाच उभा.

गोष्ट मला पाठ होती, तरी ते सांगत गेले.
शूटिंगवाल्यांना सकाळपर्यंत हिरवी होडी हवी होती.
गावात हिरवा नव्हताच.
देवळाच्या दाराचा उरलेला पिवळा,
सरकारी दवाखान्याच्या खिडक्यांचा निळा,
एका डालड्याच्या डब्यात कालवले, कंदिलाच्या उजेडात.
कंदिलात कसला हिरवा नि कसला काय.
पहाटे होडी पाण्यात ढकलली तेव्हा
खांद्याला रंग लागला चौघांच्या.

म्हटलं, यातला बरोबर कुठला?
"वल्हा उलटा धरल्यान."
बाबा, रंग.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"खराच विचारतस तर खयचोच नाय.
रंग ओलो होतो. सुकाक दिल्यानी खंय?
सुकल्यार तो येगळोच झालो."

येगळो म्हणजे कसा?

त्यांनी हात उचलला, काहीतरी दाखवायला,
दारातून बाहेर पाहिलं:
विहिरीचा कठडा, वाळत घातलेली लुंगी,
अबोलीची रोपं, शेजाऱ्यांची नवी स्कूटर.
एकेका वस्तूवर थांबत गेले
घरात कुठेतरी ठेवलेली किल्ली शोधावी तसे.
मग हात मांडीवर परत.

वहीत मी तारीख लिहिली होती, तेवढीच.

"लाव फुडे," म्हणाले,
"त्या चेडवाचा रडणा तरी पुरा होवंदे."